पांढरं त्यांचं

ड्रेस्डेनच्या त्या कारखान्यात आम्ही साठजणी,
दिवसाला प्रत्येकी हजार अंडी.
टिचकी, फोड, या टरफलातून त्या टरफलात,
बलक डावीकडे, पांढरं उजवीकडे.
पांढऱ्यात बलकाचा ठिपका जरी उतरला
तरी फ्राउ त्सेलेचं नाक फेंदारायचं
आणि अख्खा वाडगा माझ्या मजुरीतून जायचा.

पांढरं फेसायचं, मुरवायचं, थोडं आंबू द्यायचं,
मग त्यावर कागद तरंगवायचा.
त्या कागदावर म्हणे राजे उमटायचे.

बलक चामडं कमावणारे घेऊन जायचे.
उरलासुरला आम्हांला.
शनिवारी पिवळा केक, रविवारी पिवळा केक,
केसांना वास, पदराला वास,
चर्चमध्ये माझ्या बाकावर कुणी टेकत नसे.
मी आणि ट्राउगोट, माझा भाऊ, हसायचो:
पांढरं त्यांचं, पिवळं आपलं.

ट्राउगोट हेर डीट्सेलांच्या स्टुडिओत हरकाम्या.
काचा घासून त्याची बोटं कायमची काळी,
माझी कायमची चिकट.
आई म्हणायची, लग्नं कशी जमायची तुमची?

त्या वसंतात आइशेनरोडचा ड्यूक सहकुटुंब आला.
संस्थान एवढंसं, की घोडागाडीत डुलकी लागली
तर मागे पडायचं.
मिशा मात्र सम्राटाच्या मापाच्या.

रात्री ट्राउगोट सांगत राहिला, मी दिवा मालवला नाही.
छतावरची काचेची खोली, मागे रंगवलेला समुद्र
(आइशेनरोडला तळंसुद्धा नव्हतं).
ड्यूकच्या मानेमागे लोखंडी चिमटा,
डचेसच्या कमरेमागे दुसरा,
थोरल्याची तलवार जड, म्हणून तिच्या टोकाखाली ठोकळा.
धाकटी अडेलगुंडे, तीन वर्षांची,
कुठल्याच चिमट्यात मावेना.
म्हणून तिच्या खुर्चीमागे, मखमली पडद्याखाली
ट्राउगोट उकिडवा बसलेला,
दोन्ही तळवे तिच्या पाठीला लावून.

"हलू नका," हेर डीट्सेल म्हणाले. ड्यूकला!
त्या घराण्याला इतक्या वर्षांत
कुणी हुकूम सोडला नसेल.
एक. दोन. तीन.
सहाला ड्यूकच्या डोळ्यांत पाणी दाटलं,
पुसायला हात हलवायची सोय नाही.
नवाला डचेसच्या कानातले लोलक
तिच्यापेक्षा जिवंत वाटायला लागले.
अकराला अडेलगुंडे वळली,
आणि पडद्याला हळूच म्हणाली,
"तुझ्या हाताला अंड्याचा वास का येतो?"

बारा.

ऊन गेलं. पुन्हा काच धरायला वेळ नव्हता,
ड्यूकला जेवणाची घाई होती.
तेच चित्र दरबारात लागलं, तेच दुकानांतून विकलं गेलं:
सगळे करारी, कोरल्यासारखे ताठ,
मधोमध मुलीच्या जागी गुलाबी झग्यावर
एक वाफ.
(झगा गुलाबी होता, हे ट्राउगोटनं सांगितलेलं.
चित्रात तो करडा.)

ट्राउगोट पुढे जहाजानं वाल्पराइझोला गेला.
दोन पत्रं आली. तिसऱ्याची वाट पाहत
आई गेली.
इतकी वर्षं लोकांच्या छब्या काढण्यात राबला,
त्याची स्वतःची काढायची राहूनच गेली.

ते कार्ड मला जुन्या बाजारात सापडलं,
एका डब्यात, बटणांच्या खाली, पाच फेनिगला.
आता ते संस्थानही नकाशात शोधावं लागतं.
मी भिंग लावून पाहते.
खुर्चीच्या पायाशी, पडद्याची झालर जिथे संपते,
तिथे बुटाचं टोक.
शिवण उसवलेली, वर जाड काळा टाका.
तो टाका माझा.
आमच्या घरचं एवढंच छायाचित्र.

कागद पिवळा पडलाय.
समुद्र, मिशा, तलवार, सगळं केकच्या रंगाचं.
म्हणतात, त्या कागदाचा स्वभावच तसा.
मला मात्र कधीकधी वाटतं,
एखादा ठिपका उतरला असेल माझ्या हातून,
फ्राउ त्सेलेची नजर चुकवून.

नात विचारते, ओमा, ही मधली कोण,
चेहराच नाही हिला?
मी म्हणते, हिनंच तर
त्याला काहीतरी विचारलं होतं.